वर बघ, चिमणी बघ!

ठसका लागला की टाळूवर थापटायचं आणि "वर बघ, चिमणी बघ" म्हणायचं. मी अशीच वाढले, तुम्हीही वाढला असाल. ठसका आपोआप जातो, श्रेय चिमणीला मिळतं.

गेल्या दिवाळीत लेक अकरा महिन्यांची होती. चिवड्यातला शेंगदाणा तिने कधी तोंडात घातला, कळलंच नाही. खोकायला लागली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. घरात आम्ही सातजण. एकजण टाळूवर थापटतोय, एकीने तिचे हात वर ओढलेत, नणंद तोंडात बोट घालून दाणा शोधतेय, कुणी पाण्याची वाटी घेऊन आलंय. आणि मी नुसती उभी! मोबाइलमध्ये याच विषयाचे तीन व्हिडिओ सेव्ह करून ठेवलेली मी.

दाणा तिच्याच खोकल्याने बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मदतीतून वाचली म्हणायची." बाळ जोरात खोकतंय, रडतंय, म्हणजे हवा जातेय. तेव्हा खोकू द्यायचं. पण आवाजच फुटेना, ओठ निळे पडू लागले, तर वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने जोरात पाच थपके. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब. पुन्हा थपके, पुन्हा दाब, आणि तोवर दुसऱ्याने १०८ लावायचा. वर्षावरच्या मुलाला थपके तसेच, पण छाती दाबण्याऐवजी मागून कवेत धरून बेंबीच्या वर, आत-वरच्या दिशेने झटके. वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर तोंडात बोट घालायचंच नाही, ती आणखी आत सरकते. मूल बेशुद्ध पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. तो माझी पोस्ट वाचून येणार नाही, प्रशिक्षण घेऊनच शिका.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे तयारी म्हणजे खरेदी. मीही लाल क्रॉसची पेटी मागवली होती. ती कपाटात वर, किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स ऑफिसात. दहा ते सहा लेकीजवळ असतात सासूबाई. मग शिकायचं कुणी?

पेटी उघडली तर आत तापाची दोन औषधं. थेंबांच्या बाटलीत एक मिलीला १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, सिरपमध्ये पाच मिलीला १२०. म्हणजे मिलीमागे थेंब चौपट कडक! सिरपच्या मापाने थेंब पाजले असते तर? आता एकच बाटली ठेवलीय, तिच्यावर वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेला डोस मराठीत चिकटवलाय.

भाजण्याचंही तसंच. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. वीस मिनिटं साधं गार वाहतं पाणी. आमच्याकडे नळ सकाळी दीड तास. म्हणून मोरीत एक भरलेली बादली आणि पाणी ओतायला तांब्या, बादलीला एरवी कुणी हात लावायचा नाही.

सासूबाईंना बाहुलीवर थपके शिकवले तेव्हा आधी हसल्या. "पोराला कुणी असं बडवतं का गं?" मग तीनदा करून पाहिलं. काल त्यांच्या भिशीला गेले, तर माझ्या आधी लेकीची बाहुली तिथे पोचली होती, पालथी.