खुलासा : पाच स्वर फक्त ‘एज्युकेशन’मध्येच नाहीत

आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा उगवला आहे : ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर असणारा इंग्रजीतला एकमेव शब्द म्हणजे ‘एज्युकेशन’, म्हणून शिक्षण परिपूर्ण! खाली नमस्काराचे बारा हात.

‘एज्युकेशन’मध्ये पाचही आहेत, तेवढं खरं. ‘एकमेव’ मात्र साफ चूक. मंडईत जा आणि फ्लॉवरचं पूर्ण नाव लिहून बघा : सी-ए-यू-एल-आय-एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर. झाले की पाच! शिक्षणाइतकाच परिपूर्ण, वर भाजीही होते.

असे शब्द शोधायचे तर शेपटाकडून सुरुवात करावी. ‘शन’ उच्चाराच्या टी-आय-ओ-एन या शेवटात आय आणि ओ आयतेच मिळतात. उरलेले तीन पुढच्या भागात आले की काम झालं. ‘इक्वेशन’ आणि ‘प्रिकॉशन’ असेच सापडतात. ‘डायलॉग’ ब्रिटिश पद्धतीने लिहिला तर त्यातही पाच. ‘बिहेवियर’चंही तसंच, अमेरिकन लोक त्यातला यू गाळतात, तिथे गणित फसतं.

कुणी म्हणेल, ओळीने तर नाहीत ना? ते ‘एज्युकेशन’मध्येही नाहीत, तिथे ई, यू, ए, आय, ओ असा क्रम आहे. ओळीने हवे असतील तर ‘फसीशस’, म्हणजे थट्टेखोर, आणि ‘ॲब्स्टीमियस’, म्हणजे खाण्यापिण्यात संयमी. ‘सबकॉन्टिनेंटल’मध्ये तर बरोबर उलट्या क्रमाने येतात.

मेसेज पाठवणाऱ्या काकांना हे सांगितलं. त्यांनी अंगठा दाखवला आणि तोच मेसेज दुसऱ्या ग्रुपवर टाकला.