दोहाच्या थांब्याबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

आपण लिहिलंय की आमच्याकडून काढलेल्या मुंबई–दोहा–शिकागो तिकिटावर दोहात साडेनऊ तासांचा थांबा होता, आईंना रात्र गेटसमोरच्या खुर्चीत बसून काढावी लागली, पाय सुजले, आणि "एजंटने तिकीट काढलं नि वाऱ्यावर सोडलं". थांबा किती तासांचा हे आम्ही सांगितलं होतं. तो काढायचा कसा, ते सांगितलं नाही. चूक आमचीच.

दोहाच्या हमद विमानतळावर 'क्वाएट रूम', म्हणजे विश्रांतीच्या शांत खोल्या, आहेत. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, पैसे लागत नाहीत. पाय लांब करता येतील अशा आरामखुर्च्या असतात. मध्यरात्रीच्या गर्दीत त्या भरतात, म्हणून उतरल्यावर आधी जागा धरायची, मग चहा. गेटसमोरच्या खुर्च्यांना मध्ये हात असतात, आडवं होताच येत नाही. पाय तासन्‌तास लोंबकळले की सूज येणारच. अगदीच खुर्चीत बसायची वेळ आली तर हातातली बॅग पायांखाली घ्यावी आणि तासा-दीड तासाने पाच मिनिटं चालावं.

आईंना व्हीलचेअर होती. तिथली माणसं मदतकक्षात बसवून जातात आणि बोर्डिंगच्या वेळी परत येतात. त्यांना तिथल्या तिथे सांगायचं : "क्वाएट रूमला सोडा, अमुक वाजता तिथूनच घ्या." न सांगता जागा बदलली तर न्यायला आलेला माणूस रिकामी खुर्ची बघून परत जातो.

गजराचं गणित नीट करा, इथेच लोक चुकतात. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे. बोर्डिंग पासवरची वेळ दोहाची असते. अमेरिकेच्या विमानाला गेटवर वेगळी तपासणी होते, म्हणून सकाळी ८ च्या विमानाला साडेसहापर्यंत पोहोचायचं, उठायचं ६ ला. फोन भारतीय वेळेवरच राहिला तर ६ चा गजर तिथल्या साडेतीनला वाजेल. उलट हिशेब करून साडेआठचा लावला आणि वायफायवर फोनने आपोआप वेळ बदलली, तर जाग येईल तेव्हा विमान गेलेलं असेल. झोपण्याआधी फोनचं घड्याळ भिंतीवरच्या बोर्डाशी ताडून बघा. क्वाएट रूमच्या आत घोषणा ऐकू येतीलच असं नाही.

आपला दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही. "शेजारच्यांना विमान कंपनीने हॉटेल दिलं, आम्हाला नाही." ते हॉटेल सहसा त्यांनाच मिळतं ज्यांना त्या मार्गावर लवकरचं जोडविमान नव्हतंच, आणि तेही आधी अर्ज केला तर. आपल्यासमोर तीन तासांच्या थांब्याचं तिकीट ठेवलं होतं. ते महाग म्हणून आपण हे घेतलंत. पैसे देऊन राहायचं तर ऑरिक्स एअरपोर्ट हॉटेल इमिग्रेशनच्या आतच आहे, व्हिसा लागत नाही. खोली घरून निघण्याआधी बुक करावी, आणि सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग झालंय ना, हे मुंबईच्या काउंटरवरच पावतीवर बघून घ्यावं. दोन वेगळी तिकिटं असतील तर हे सगळं बिघडतं : सामान घ्यायला बाहेर पडावं लागतं आणि मग व्हिसाचा प्रश्न येतो.

थंडीबद्दल बरोबर लिहिलंत. एसी कडक असतो. पण सोलापुरी चादर नेऊ नका. हातातल्या सामानाची मर्यादा ७ किलो, त्यात चादरीचंच वजन किती! पातळ शाल, लोकरी मोजे आणि कानटोपी पुरे.

आईंच्या परतीच्या तिकिटावर थांबा साडेसहा तासांचा आहे. व्हीलचेअरची नोंद आम्ही पुन्हा तपासली, ती आहे. या परतीच्या प्रवासाच्या वेळा दोहा आणि भारत अशा दोन रकान्यांत मोठ्या अक्षरात लिहून व्हॉट्सॲपवर पाठवतो. प्रिंट काढून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. आमचा सर्व्हिस चार्ज परत करतोय. खातं तेच आहे ना, तेवढं कळवा.