पानावरची प्रत्येक नागमोडी रेघ एकाच किडीची नसते

पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली की ती नागअळी, मग पीक टोमॅटो असो वा संत्रा. तिचे कोष मातीत असतात म्हणून खोडाभोवतीची जमीन कीटकनाशकाने भिजवावी आणि रेघा पडलेली पाने सरसकट तोडून जाळावीत, असा सल्ला शेतकऱ्यांमध्ये सर्रास फिरतो. संत्रा-मोसंबीच्या बागेपुरते पाहिले तर त्यातले एकही विधान टिकत नाही.

मुळात ही कीड एक नाही. टोमॅटोच्या पानात नागमोडी रेघा काढणारी लिरिओमायझा ट्रायफोली ही माशी आहे, तर संत्र्यावरची फिलोक्निस्टिस सिट्रेला हा ग्रॅसिलॅरिडी कुळातला जेमतेम ८ मिलिमीटर पंखविस्ताराचा पतंग असून स्टेंटन यांनी १८५६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पान पोखरून आत राहणे ही जगण्याची रीत आहे, वंशाची खूण नव्हे. माश्या, पतंग, भुंगेरे आणि करवत माश्या (नावाने माश्या, पण मधमाश्यांच्या गणातल्या) अशा चार निरनिराळ्या गणांत ती आढळते. पतंगांतही सगळे एका कुळातले नाहीत. २०१४ मध्ये महाराष्ट्रात नोंदली गेलेली टोमॅटोवरची टुटा ही पाने व फळे पोखरणारी अळी आणि भुईमुगाची पाने पोखरून पुढे ती एकमेकांना चिकटवणारी अळी या दोन्ही गेलेचिडी कुळातल्या आहेत. भिंग घेऊन पाहिले तर फरक बागेतच कळतो: संत्र्याच्या पानावरील चंदेरी बोगद्याच्या मधोमध विष्ठेची एक सलग काळसर रेषा असते, माशीच्या बोगद्यात मात्र विष्ठा आलटून पालटून दोन्ही कडांना पडलेली दिसते.

कोषाबद्दलचे विधान माशीला बऱ्याच अंशी लागू पडते, कारण तिची अळी सहसा पान सोडून मातीत जाते. संत्र्यावरच्या अळीचे आयुष्य वेगळे आहे. पहिल्या तीन अवस्थांत तिचे जबडे चपटे, पात्यासारखे असतात. त्यांनी ती पानाच्या बाह्यत्वचेतील पेशी कापून रस पिते. चौथ्या अवस्थेत ती काहीच खात नाही, केवळ रेशीम सोडते आणि पानाची कड दुमडून त्या घडीतच कोषात जाते. तेव्हा कोष मारण्याच्या हेतूने माती भिजवणे म्हणजे निव्वळ पैसा पाण्यात घालणे होय.

पाने तोडण्याचा सल्ला तर उलट नुकसान करतो. बोगदा वरवरचा असल्यामुळे पानाचा उरलेला हिरवा भाग अन्न तयार करीतच राहतो, आणि सतत छाटणी केल्यास वेळी-अवेळी नवती (नवी कोवळी पालवी) फुटून, कोवळ्या पानांवरच अंडी घालणाऱ्या मादीची आयतीच सोय होते. मोठी, फळावरची झाडे हा प्रादुर्भाव बहुधा सोसतात. रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीत मात्र वाढ खुंटते, शिवाय अळीने केलेल्या जखमांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू सहज आत शिरतात, म्हणून तेथे नवती फुटू लागताच कोवळी पाने उलटून पालटून तपासावीत आणि उपाययोजना त्याच वेळी करावी.