खर्चाचा मुद्दा मान्य, पण हिशेब अर्धाच मांडलाय

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, लोकांनी थेट निवडून द्यायचा महापौर म्हणजे आणखी एक पद, आणखी एक दालन, सल्लागारांचा ताफा आणि वर एक निवडणूक. नगरसेवक आहेत, प्रशासन आहे, मग हा डोलारा कशाला? शिवाय अशा महापौराच्या बाजूनं लिहिलेल्या लेखात मी खर्च एका ओळीत गुंडाळला, हाही तुमचा आक्षेप. तो रास्त आहे. इतक्या मोठ्या मुद्द्यावर एक ओळ पुरत नाही.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो. इंग्लंडमध्ये मे २०१२ मध्ये दहा शहरांना विचारलं गेलं, असा महापौर हवा का? नऊ शहरांनी नको म्हटलं. एकट्या ब्रिस्टलनं होकार दिला, आणि २०२२ मध्ये तिथल्याच लोकांनी ते पद रद्द करायचा कौल दिला. २०१२ च्याच नोव्हेंबरात पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या नव्या पदासाठी पहिली निवडणूक झाली, तर मतदान जेमतेम १५ टक्के. लोकांना गरजच वाटत नसेल, तर पद कागदावर कितीही चांगलं असो, त्यावरचा पैसा वायाच जातो.

पण मग मँचेस्टरकडेही बघा. २०१२ मध्ये नको म्हणणाऱ्यांत हे शहर होतं. २०१७ मध्ये आसपासचा सगळा पट्टा मिळून बृहन्मँचेस्टरचा महापौर निवडला गेला, आणि तो पदावर आला त्याच दिवशी तिथलं पोलीस देखरेखीचं वेगळं पद संपलं. अग्निशमनाचं स्वतंत्र मंडळही बरखास्त झालं. एक पद आलं, पण आधीची दोन दुकानं बंद झाली. म्हणून महापौराचा पगार किती, यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याच्या येण्यानं कोणतं कार्यालय बंद होणार. कोणतंच होणार नसेल, तर मी तुमच्या बाजूला आहे.

आता तुमच्या हिशेबातून सुटलेला खर्च. नवं डांबर पडतं, अजून त्याचा वासही गेलेला नसतो, आणि जलवाहिनीसाठी तोच रस्ता खणला जातो. रस्तेवाले म्हणतात, आम्हाला कळवलं नाही. पाणीवाले म्हणतात, आमची मंजुरी आधीची होती. दोघांकडेही कागद असतो. दुसऱ्यांदा टाकलेल्या डांबराचे पैसे मात्र कुणाच्याच नावावर पडत नाहीत, ते आपण भरतो. नव्या दालनाचा खर्च अंदाजपत्रकात ठळक दिसतो, हा कुठे दिसत नाही. मला राग येतो तो याचा.

नावानिशी जबाबदारी आली की काय होतं, ते लंडननं दाखवलं. तिथे २००० साली पहिल्यांदा महापौर थेट निवडून आला, केन लिव्हिंगस्टन. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी शहराच्या मध्यभागात गाडी आणायला दिवसाला पाच पौंड आकार लावला. कॅमेरे नंबरप्लेट टिपणार, पैसे भरले नाहीत तर दंड. गोंधळ उडेल असं भाकीत वर्तमानपत्रांनी आधीच करून ठेवलं होतं. गोंधळ उडाला नाही, रस्ते मोकळे झाले. एखाद्या समितीनं इतका नावडता निर्णय स्वतःच्या अंगावर घेतला असता, असं मला वाटत नाही. जून २००४ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. नंतर त्यांनी हा आकार पश्चिमेकडे वाढवला. तिथल्या बऱ्याच रहिवाशांना तो नको होता. २००८ मध्ये ते हरले, आणि नव्या महापौरानं लोकांची मतं मागवून तो वाढीव भाग काढून टाकला. यशाचं श्रेय कुणाला द्यायचं आणि जाब कुणाला विचारायचा, दोन्ही वेळा मतदाराला शोधत बसावं लागलं नाही.

मला खरी भीती वाटते ती एकाच माणसाच्या हाती सगळं जाण्याची. तुम्ही हा मुद्दा काढला नाहीत, पण खर्चापेक्षा तो मोठा आहे. लंडनमध्ये महापौराचं अंदाजपत्रक निवडून आलेली सभा दोन तृतीयांश मतांनी बदलू शकते. हा उंबरठा फार उंच आहे, माझ्या मते साधं बहुमत पुरायला हवं. महापौर मधल्या काळात परत बोलावता येईल अशी सोयही हवी.

तेव्हा तुमच्याकडून एक हवं आहे. ज्या पदाच्या खर्चाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याच्या प्रस्तावात रद्द होणाऱ्या पदांची आणि मंडळांची यादी आहे का, हे बघून सांगाल? नसेल, तर त्या प्रस्तावाला विरोध करणाऱ्या निवेदनावर मीही सही करीन.