बीपीच्या गोळीवरचा तो मेसेज आणि काउंटरच्या अलीकडची मी

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला पाच जणांनी पाठवला, त्यातले तिघे रोज सकाळी पर्वती चढणारे. मजकूर थोडक्यात असा: पूर्वी वयात 100 मिळवले की तेवढं बीपी नॉर्मल धरत, कंपन्यांनी धंद्यासाठी आकडा खाली आणला. गोळी किडनी खलास करते. तिची सवय लागते, म्हणून रीडिंग नॉर्मल आलं की कुठलीही गोळी बंद करा, आठ दिवसांत काही होत नाही हे तुम्हालाच दिसेल. त्याऐवजी सैंधव, लसूण आणि सर्पगंधा घ्या, निसर्गाला साइड इफेक्ट नसतात. शेवटी हात जोडलेले.

सदाशिव पेठेत मी वीस वर्षं मेडिकल चालवतेय. (दुपारी एक ते चारही उघडं असतं.) गोळ्या विकणारी बाई गोळीचीच बाजू घेणार, असं म्हणाल तर म्हणा. ॲम्लोडिपिन या बीपीच्या नेहमीच्या गोळीच्या एका पट्टीमागे मला जे सुटतं त्यात धड चहा येत नाही. लसणाच्या कॅप्सूलच्या डबीत मात्र नाश्ताही होतो.

आधी ‘आठ दिवसांत काही होत नाही’ हे घेते, कारण मेसेजमधलं हे एकच वाक्य लोक खरोखर करून बघतात. ॲम्लोडिपिन अंगात निम्मी व्हायलाच साधारण 30 ते 50 तास लागतात. बंद केल्यावरही तिचा अंमल काही दिवस टिकतो. म्हणजे चौथ्या दिवशी जे रीडिंग ‘गोळीशिवाय’ नॉर्मल दिसतं, ते गोळीचंच असतं. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी असंच केलं. चौथ्या दिवशी 132/84 चा फोटो मला काउंटरवर दाखवला, वर ‘बघा!’ म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचं 168/100 झालं. आणि त्रास? काहीच नाही, साधं डोकंही दुखलं नाही. हीच तर या दुखण्याची खोड आहे. ते कळावं म्हणून मशीन आहे.

सवय म्हणाल तर चष्म्याचीही लागते. पण काही गोळ्या एकदम सोडणं खरंच महागात पडतं, आणि मेसेजवाला नेमकं ‘कुठलीही’ म्हणतो. क्लोनिडिन अचानक थांबवली की बीपी उसळून आधीपेक्षाही वर जाऊ शकतं. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल एकदम बंद केल्या तर नाडी धावते, हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखू लागतं. त्या पायरीपायरीनेच उतरवायच्या असतात. आता मेसेजमधला अर्धा खरा भाग: गोळी कमी होऊ शकते, क्वचित सुटतेही. वजन उतरलं, मीठ कमी केलं, चालणं टिकवलं, तर डॉक्टर स्वतःच डोस खाली आणतात. फक्त ते ठरवायचं त्यांनी.

किडनीचं म्हणणं अगदी उलटं आहे. वाढलेलं बीपीच किडनी खराब होण्याचं मोठं कारण आहे. मधुमेह असून लघवीतून प्रथिनं जात असतील, तर टेल्मिसार्टनच्या जातीच्या बीपीच्या गोळ्या किडनी जपायलाच देतात. मग अफवा येते कुठून? ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, थोडं चढू शकतं. म्हणून एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. रिपोर्ट हातात पडला की घरचे घाबरतात आणि गोळी बंद करतात. थोडी वाढ अपेक्षितच असते, फार वाढली तर डॉक्टर गोळी बदलतात.

किडनीची एवढीच काळजी असेल तर गुडघ्याच्या गोळीबद्दल बोला की! पर्वती उतरून ‘डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी द्या, चिठ्ठी कशाला’ म्हणणारे हेच लोक. अशा वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला रोज घेतल्या तर किडनीवर तिहेरी मार बसतो. त्यात जुलाब-उलट्या किंवा निर्जळी उपवास आला तर विचारूच नका. अशा दिवशी ‘आज गोळी घेऊ का?’ हा फोन डॉक्टरांना त्याच दिवशी करायचा. मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही.

‘वय अधिक 100’ हा आडाखा पूर्वी खरंच होता, पण म्हणून तो बरोबर ठरत नाही. त्या काळाचं एक उदाहरण देते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च 1944 मध्ये 186/108 होतं. डॉक्टरांच्या हातात धड औषधच नव्हतं. एप्रिल 1945 मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, वय 63. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठरतात आणि बीपी वाढतं हे खरं, पण ‘सगळ्यांचंच असतं’ म्हणजे चालतं, हे हेल्मेटबद्दलचं पुणेरी तर्कशास्त्र झालं. आणि वरचं बीपी 120 च्या खाली आणून काय होतं हे बघणारा 2015 चा मोठा अभ्यास, 9,361 लोकांचा, अमेरिकी सरकारच्या पैशातून झाला होता. हृदयविकार आणि मृत्यू कमी झाले. चक्कर, किडनीच्या तक्रारी वाढल्याही. म्हणूनच तुमचा आकडा आणि शेजारच्या आजोबांचा आकडा एक नसतो.

राहिला निसर्ग. सर्पगंधेचा बीपीवरचा उपयोग आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीच 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडला, आणि पुढे तिच्यातूनच रिसर्पिन हे औषध वेगळं काढलं गेलं. नाक चोंदणं, उदासी हे तिचे साइड इफेक्ट आहेत. चूर्णाच्या चमच्यात तर मात्रा किती हेही कळत नाही. सैंधव म्हणजे बव्हंशी सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टन चालू असेल किंवा किडनी अशक्त असेल तर विचारल्याशिवाय नको. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर तेही बीपी चढवतं. लसूण चटणीत खुशाल खा.

काकांना मी एकच सांगितलं. गोळी कमी व्हावी वाटतं ना, मग सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसून, दंड छातीच्या पातळीला ठेवून दोन-दोन रीडिंग लिहा आणि वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नकोत. त्यांनी वही घातलीय. पुढून बीपी, मागून दुधाचा हिशोब.