आजीने आठ पोरं वाढवली, मग हिला काय झालं?

मातृदिनाच्या आगेमागे एक फॉरवर्ड फॅमिली ग्रुपांवर हमखास फिरतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, गाभा तोच. पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, चुलीवर रांधायच्या, आठ-आठ पोरं वाढवायच्या आणि तोंडातून चकार शब्द काढायच्या नाहीत. आता गॅस आहे, मिक्सर आहे, मशीन आहे, भांड्यांना बाई आहे, पोरं एक किंवा दोन. तरी घरी बसलेली आई संध्याकाळी म्हणते, दमले. खाली हसण्याच्या इमोजींची रांग आणि कुठल्यातरी काकांचं "अगदी खरं!"

जातं आणि विहीर कंबरडं मोडणारी होती, ती सुटली हे फार चांगलं झालं. तेवढं मान्य. बाकीच्या मुद्द्यांना एकेक करून उत्तर देते.

"चकार शब्द काढायच्या नाहीत." हे ज्याने लिहिलं त्याने जात्यावरच्या ओव्या कधी ऐकलेल्या नाहीत. पुण्याच्या सामाजिक अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि लाखावर ओव्या. त्यात विठ्ठल आहे, भाऊ आहे, लेकरांचं कौतुक आहे आणि पानोपानी तक्रारही आहे. सासूचा जाच, नवऱ्याचा मार, माहेरी न धाडणं, न संपणारं काम, बाईच्या जन्मालाच दिलेला बोल. पहाटे घरातले पुरुष झोपेत असताना, जात्याच्या घरघरीत, समोर बसलेल्या जावेला किंवा नणंदेला ऐकू जाईल असं ते गायलं जायचं. आजी गप्प नव्हती. आजोबा झोपलेले होते. नातीकडे जातं नाही, समोर बसणारी जाऊ नाही, म्हणून ती जेवणाच्या टेबलावर सरळ "दमले" म्हणते. कानाला खटकतंय ते बहुतेक तेवढंच.

"आठ पोरं वाढवली." आठ वाढली, पण झाली किती? 1971 साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला. जुन्या पिढीतल्या कुठल्याही म्हातारीजवळ निवांत बसा; आठांच्या मागे गेलेली एक-दोन सापडतात, त्यांतल्या काहींचं बारसंही झालेलं नसतं. आकडा खाली आला त्यात डॉक्टर, लसी, स्वच्छ पाणी यांचा मोठा वाटा. पण लस स्वतः चालत घरी येत नाही. जन्मल्यावर, मग सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला, मग नवव्या महिन्यात, मग दीड वर्षाच्या सुमारास कार्ड घेऊन रांगेत कोण उभं असतं, आणि त्या रात्री तापाने किरकिरणारं बाळ खांद्यावर टाकून कोण फेऱ्या मारतं, हे त्या काकांनाही ठाऊक आहे.

आणि ती आठ पोरं आजीने एकटीने वाढवलीच नव्हती. सासू होती, जावा होत्या, विधवा आत्या होती, आणि मुख्य म्हणजे थोरली मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन अंगणात फिरवायची, भरवायची, झोपवायची. ती शाळेत नसायची. 1951 च्या जनगणनेत देशातल्या जेमतेम नऊ टक्के बायकांना लिहिता-वाचता येत होतं. आज तीच थोरली सकाळी दप्तर घेऊन बाहेर पडते, आणि तसंच हवं. पण तिची कडेवरची ड्यूटी कुणाकडे गेली? घरात हात होते पाच-सात, उरले दोन. पोरांची संख्या घटल्याचा हिशेब फॉरवर्डवाल्यांनी चोख मांडला, हातांचा मांडलाच नाही.

"मशीन कपडे धुतं." धुतं की. दोन वर्षांच्या पोराचा एक शर्ट घ्या. छातीवर वरणाची हळद, बाहीला शेंबूड, खिशात चघळून ठेवलेलं बिस्कीट. खिसा उलटा करा, डागावर साबण चोळा, भिजवा. शीचे लंगोट आधी वेगळे धुऊन घ्या, मग मशीन. मशीनलाही पाणी लागतं. सोलापूर, जालना, मनमाड या शहरांनी वर्षानुवर्षं रोजच्या नळाची वाट पाहिली. मनमाडकरांनी तर कित्येक उन्हाळे पंधरा-पंधरा दिवस साठवलेल्या पाण्यावर काढले. तिथे नळ येईल तेव्हा पिंप, बादल्या, हंडे भरायचे आणि उरलं तर मशीन. पुढे वाळत घाला, पावसाची सर आली की धावत काढा, दमट राहिलेले पंख्याखाली पसरा, घड्या घाला. मशीनने मधला तुकडा उचलला, दोन्ही टोकं बाईकडेच राहिली. शिवाय यंत्र आलं की अपेक्षाही वाढते. जो सदरा पूर्वी दोन दिवस अंगावर असायचा तो आता दिवसातून दोनदा बदलला जातो. हे आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जोआन व्हॅनेक यांनी 1974 मध्ये दाखवलं होतं की नोकरी न करणाऱ्या गृहिणी 1920 च्या दशकात आठवड्याला सुमारे 52 तास घरकाम करत होत्या आणि घर यंत्रांनी भरल्यावर, 1960 च्या दशकात, 55.

"भांड्यांना बाई आहे." काहींकडे आहे, पुष्कळांकडे नाही. त्या बाईचं तान्हं त्या वेळी कुणाजवळ असतं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलेलं नाही.

"दिवसभर घरीच तर असते." केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. घरातल्यांचा सांभाळ करणाऱ्या बायकांची त्यात 137, पुरुषांची 75. या सरासरीत हे काम थोडंफार करणाऱ्या सहा वर्षांपुढच्या सगळ्या जणी आल्या: शाळकरी मुली, नोकरदार, आजारी, पोरं मोठी झालेल्याही. रांगणारं पोर असलेल्या बाईचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. तरी या पाहणीतूनही एक गोष्ट निसटते. तिथे दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत लिहितात. पोळ्या लाटताना बाई दर मिनिटाला मागे बघते: मिक्सरच्या वायरीला हात गेला का, बादलीत वाकला का, अचानक शांत का झाला (हे सगळ्यात वाईट). त्या खणात "स्वयंपाक" पडतो. मान वळवून वळवून ठेवलेली ती नजर कुठल्या खणात पडणार? दमायला होतं ते याच कामाने, आणि कुठलाही मिक्सर ते करून देत नाही. आयतं करून देणारं यंत्र एकच, मोबाइल. तो पोराच्या हातात दिला की दुसरा फॉरवर्ड येतो, आजच्या आयांना पोरं सांभाळता येत नाहीत म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्ला सांगतो, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासभराच्या वर नको. सल्ला बरोबरच आहे, फक्त तो पाळायला दुसरं माणूस लागतं.

"नवरा कमावतो, ही बसून खाते." यावर सर्वोच्च न्यायालय बोलून बसलंय. 2006 मध्ये उत्तराखंडातली एक गृहिणी वाहन अपघातात गेली. भरपाई ठरवताना खालच्या पातळीवर तिच्या कामाची किंमत रोजंदारीच्या मजुराहूनही कमी धरली गेली. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं, गृहिणीचं काम कमावत्या माणसाच्या कामाइतकंच मोलाचं असल्याचं सांगितलं आणि भरपाई अडीच लाखांवरून सहा लाख केली.

राहिला शेवटचा मुद्दा: "पोरं शाळेत गेली की मोकळीच." बालवाडी तीन तासांची. डबा, तयार करणं, सोडणं, आणणं यांत त्यातला बराचसा वेळ जातो, घरी धाकटं असेल तर उरलेलाही. अंगणवाडीतलं पूर्वशालेय शिक्षण तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं, पण तो हक्क नोकरीसोबत येतो. घरी असणाऱ्या आईला दाढदुखीसाठी दवाखान्यात जायचं असेल, तर दोन वर्षांच्या पोराला शेजारच्या काकूंकडे ठेवावं लागतं, आणि काकू गावाला गेल्या असतील तर दाढ पुढच्या आठवड्यावर जाते.