‘36 सामन्यांत 5 गोल’: शिंजी ओकाझाकीवरच्या आरोपांना मुद्देसूद उत्तर

इंग्लंडच्या लिस्टर सिटी या फुटबॉल क्लबच्या 2015-16 च्या विजेतेपदाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: जपानचा शिंजी ओकाझाकी हा प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचं, पदक फुकटात मिळवणारा फॉरवर्ड (गोल करणारा आघाडीचा खेळाडू). 36 सामने, 5 गोल, तासाभरात मैदानाबाहेर, जपानसाठी केलेले गोल लिंबूटिंबू संघांविरुद्धचे, आणि क्लबने त्याला घेतलं ते आशियात जर्सी खपवायला. यातले आकडे बरोबर आहेत. घोळ आहे तो त्यांवरून काढलेल्या अर्थात.

“36 सामन्यांत 5 गोल, हा कसला फॉरवर्ड?”

आधी ते पाच गोल कुठले ते बघू. वेस्ट हॅमच्या मैदानावर 2-1, न्यूकॅसलला जाऊन 3-0, एव्हर्टनला जाऊन 3-2, ॲस्टन व्हिलाशी 1-1 आणि 14 मार्च 2016 रोजी घरच्या मैदानावर न्यूकॅसलविरुद्ध 1-0. विजयाला 3 गुण आणि बरोबरीला 1. प्रत्येक निकालातून त्याचा गोल वजा केला तर अनुक्रमे 2, 0, 2, 1 आणि 2 असे एकूण 7 गुण जातात. लिस्टरचे 81 गुण झाले, दुसऱ्या आलेल्या आर्सेनलचे 71. म्हणजे कागदावर लिस्टर तरीही जिंकलं असतं, हे मान्य. पण मार्चमधल्या त्या रात्री टॉटनहॅम मागे लागलं होतं. लिस्टरचा दुसरा फॉरवर्ड जेमी वार्डी याने डोक्याने गोलसमोर परतवलेला चेंडू ओकाझाकीने बायसिकल किकने (पाठीवर पडत डोक्यावरून मारलेल्या फटक्याने) जाळ्यात मारला, तेव्हा आघाडी 5 गुणांची झाली. आठ सामने उरलेले असताना 3 गुणांची आघाडी आणि 5 गुणांची आघाडी यांत बराच फरक पडतो.

तरीही गोल हे त्याचं मुख्य काम नव्हतंच. मॅनेजर क्लॉडिओ रानिएरींचा संघ 4-4-2 (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड) खेळायचा आणि चेंडू बहुतेक वेळ समोरच्यांकडे असायचा. मध्यभागी कान्टे आणि ड्रिंकवॉटर हे दोघेच मिडफिल्डर. समोरचा संघ तीन मिडफिल्डर घेऊन आला की तिथे दोघांची तिघांशी गाठ. तो तिसरा माणूस झाकणं ही ओकाझाकीची जबाबदारी. म्हणून तो वार्डीच्या रेषेत न थांबता थोडा मागे, प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत मागच्या मिडफिल्डरजवळ उभा राहायचा. सेंटर बॅककडे (मधल्या बचावपटूकडे) चेंडू गेला की त्याच्यावर धावून जायचं, पण सरळ रेषेत नाही, कमानीसारखं वळण घेऊन. तसं केलं की तो मिडफिल्डर धावणाऱ्याच्या बरोबर मागे झाकला जातो आणि पासची वाट बंद होते. सेंटर बॅकपुढे मग दोनच पर्याय उरतात: चेंडू फुल बॅकला (कडेच्या बचावपटूला) द्यायचा, जिथे टचलाइनच्या (मैदानाच्या लांब कडेच्या रेषेच्या) जवळ लिस्टरचे विंगर ऑलब्रायटन किंवा महारेझ त्याला कोंडणार, नाहीतर लांब भिरकावायचा, जिथे लिस्टरचे सेंटर बॅक हूट आणि मॉर्गन हेडर जिंकायला उभेच.

हे वाटतं तितकं सोपं नाही. धाव जरा आधी सुरू झाली तर मागचा मिडफिल्डर मोकळा होतो, आणि कान्टेला जागा सोडून पुढे यावं लागतं. उशीर झाला तर नुसती पायपीट. सरळ धावत गेलं तर पास देणारा डावीकडून किंवा उजवीकडून चेंडू सहज काढतो. धाव कधी सुरू करायची याच्या खुणा ठरलेल्या असतात: मागे दिलेला पास, जड पडलेला पहिला स्पर्श, आपल्याच गोलकडे तोंड करून चेंडू घेणारा बचावपटू. या खुणा ओळखण्यात ओकाझाकीचा हात धरणारे त्या लीगमध्ये थोडेच होते.

चेंडू लिस्टरकडे आला की काम बदलायचं. वार्डीसाठी लांब पास गेला की सेंटर बॅक त्याच्यामागे ओढले जायचे आणि अर्धवट परतवलेला चेंडू जिथे पडणार तिथे ओकाझाकी आधीच पोचलेला असायचा.

“तासाभरातच दम जायचा”

28 सामन्यांत तो सुरुवातीपासून खेळला आणि बऱ्याचदा दुसऱ्या सत्राच्या मध्यावर बाहेर आला. त्याच्या जागी बहुतेक वेळा दुसरा फॉरवर्ड लिओनार्दो उल्लोआ. तेव्हा लीगमध्ये तीनच बदल करता यायचे. त्यातला एक आठवड्यामागून आठवडे त्याच जागेवर खर्च करणं म्हणजे खेळाडू पडला म्हणून केलेली धावाधाव नव्हे, आधी आखलेली योजना. तासभर झोकून देऊन प्रतिस्पर्ध्यांच्या मागच्या फळीला दमवायचं, मग उंच उल्लोआ आणून लांब चेंडू रोखून धरायचा. फॉरवर्डने नव्वद मिनिटं पुरावं म्हणून हात राखून धावायचं ठरवलं असतं तर वर सांगितलेली कमान तिसाव्या मिनिटालाच ढिली पडली असती.

“त्याच्या जागी कुणीही चाललं असतं”

हा दावा पडताळायची संधी पुढच्याच मोसमात आली. कान्टे चेल्सीला गेला, क्लबने विक्रमी किंमत मोजून फॉरवर्ड इस्लाम स्लिमानीला आणलं आणि ओकाझाकीची संघातली जागा डळमळली. 2017 उजाडल्यावर लिस्टरला लीगच्या सलग सहा सामन्यांत एकही गोल करता आला नाही; त्यांतले शेवटचे पाच त्यांनी गमावले. 23 फेब्रुवारीला रानिएरींना काढण्यात आलं. क्रेग शेक्सपिअर यांनी सूत्रं घेतली आणि 27 फेब्रुवारीला लिव्हरपूलविरुद्ध वार्डीच्या जोडीला पुन्हा ओकाझाकीला उतरवलं. निकाल 3-1. पुढचे चारही लीग सामने लिस्टरने जिंकले.

मॅनेजर बदलला की संघ काही दिवस उसळतो, हे खरं. सगळं श्रेय एकट्या ओकाझाकीला देणं भाबडेपणा ठरेल. पण नव्या मॅनेजरने पहिल्याच सामन्यात जुनीच जोडी परत आणली, आणि कान्टे नसतानाही जुना आराखडा चालला, हेही नजरेआड करता येत नाही.

“जर्सी खपवायला आणलं”

लिस्टरला येण्याआधीचे दोन मोसम बघा. जर्मनीच्या माइन्झ क्लबकडून तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये, बुंडेसलिगात, 2013-14 मध्ये 15 गोल, 2014-15 मध्ये 12. त्याआधी स्टुटगार्ट क्लबमध्ये त्याला बराचसा विंगवर (मैदानाच्या कडेला) खेळवलं गेलं आणि तिथे गोल कमी झाले. माइन्झमध्ये प्रशिक्षक थॉमस टूखेल यांनी मध्यभागी सर्वांत पुढे खेळवलं तेव्हा गोलांची रांग लागली. दोन मोसमांत 27 गोल करणाऱ्याला घ्यायला जर्सीचं कारण शोधायची गरज नाही.

“जपानसाठीचे 50 गोल दुबळ्यांविरुद्धचे”

थोडं तथ्य आहे. ऑक्टोबर 2009 मध्ये आठवड्याभरात त्याने दोन हॅटट्रिक केल्या, त्या हाँगकाँग आणि टोगोविरुद्ध. पण 119 सामन्यांतले बाकीचे गोलही मोजा. जून 2009 मध्ये ताश्कंदला उझबेकिस्तानविरुद्ध त्याच्या एकमेव गोलाने जपान 2010 च्या विश्वचषकाला पात्र ठरलं. त्या विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध गोल. 2013 च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये इटली आणि मेक्सिको दोघांविरुद्ध. 2014 मध्ये कोलंबियाविरुद्ध हेडर. उंची जेमतेम 174 सेंटिमीटर, तरी हेडर, कारण तो उडी मारून स्पर्धा करायचाच नाही. बचावपटूच्या मागून निघून शेवटच्या दोन पावलांत त्याच्या पुढ्यात घुसायचा आणि कंबरेच्या उंचीवर आलेल्या चेंडूवरही डोकं घालायचा. जपानसाठी त्याच्याहून जास्त गोल फक्त कामामोतो (75) आणि मिउरा (55) यांचे.

“स्पेनमध्ये तर मलागाने हाकललं”

मलागा या स्पॅनिश क्लबकडून तो एकही अधिकृत सामना खेळला नाही. 2019 मध्ये करार झाला, पण पगाराच्या मर्यादेमुळे क्लबला त्याची नोंदणीच करता आली नाही आणि करार रद्द झाला. खेळाशी त्याचा काही संबंध नव्हता. लगेच ह्युएस्का या दुसऱ्या स्पॅनिश क्लबने त्याला घेतलं. वयाच्या तेहतिसाव्या-चौतिसाव्या वर्षी त्याने दुसऱ्या श्रेणीत 12 गोल केले आणि ह्युएस्का विजेते म्हणून ला लिगात, म्हणजे स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीत, गेलं.

ला लिगात मात्र त्याचा एकच गोल झाला आणि ह्युएस्का पुन्हा खाली घसरलं. लिस्टरच्या शेवटच्या मोसमातही, 2018-19 मध्ये, लीगमधल्या त्याच्या खात्यावर शून्य आहे. टीकाच करायची तर हे दोन मोसम आहेत.